पळसाचा केशरी सोळा रंगांत बसेना : एजीआय इंजिनाच्या रंगविस्ताराचे एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील एका गावी, वाचनालयाच्या संगणक-खोलीत, मुलांसाठी एक साहसखेळ तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले होते. खोलीतील संगणक देणगीत आलेले होते. त्यांच्या हार्ड डिस्क निकामी झाल्या होत्या, परंतु व्हीजीए या जुन्या रंगीत पद्धतीचे मॉनिटर शाबूत होते, आणि पेन ड्राइव्हवरून फ्रीडॉस ही जुन्या डॉससारखी मोफत संगणक-प्रणाली सुरू करून ते वापरले जात. अशा यंत्रांवर चालेल, चित्रे काढणाऱ्याला प्रोग्रामिंग यावे लागणार नाही आणि तयार खेळ एखाद्या फ्लॉपीएवढ्या जागेत मावेल, अशा तीन अटी समोर ठेवून सिएरा ऑन-लाइन या कंपनीचे ‘अ‍ॅडव्हेंचर गेम इंटरप्रिटर’, म्हणजे एजीआय, हे इंजिन (खेळ चालवणारे सॉफ्टवेअर) निवडण्यात आले. १९८४ साली ‘किंग्ज क्वेस्ट’ या खेळासाठी आणि आयबीएमच्या पीसी-ज्युनिअर या यंत्रासाठी ते प्रथम तयार झाले. मूळ इंटरप्रिटर, म्हणजे खेळाच्या फाइली वाचून त्यांतील आज्ञा पाळणारा प्रोग्राम, हे व्यापारी सॉफ्टवेअर असल्यामुळे त्याला हात लावला नाही. त्याच फाइली वाचणारा आणि स्मृतीची मांडणीही मुळाप्रमाणेच ठेवणारा, सी भाषेत लिहिलेला, जीपीएल या मुक्त परवान्याखालचा एक इंटरप्रिटर घेऊन त्यात बदल केले. ते बदल कोणते, का केले आणि त्यांत कोठे अडचण आली, एवढाच या लेखाचा विषय आहे. देवनागरी अक्षरे पडद्यावर आणण्याचे काम स्वतंत्र होते आणि त्याचा विचार येथे केलेला नाही.

खेळाची गोष्ट साधी होती. एका मुलीचा बैल सुटून गेला आहे आणि ती त्याला वावरात, पांदणीने, नाल्याच्या काठाने आणि पळसाच्या बनात शोधत फिरते. हेच गाव पेरणीच्या दिवसांत, कापूस वेचणीच्या दिवसांत आणि शिमग्याच्या सुमारास असे तीनदा दिसते. चित्रांची जबाबदारी गावच्या शाळेतील चित्रकला शिक्षकांनी घेतली, आणि अडचण प्रथम त्यांनाच जाणवली.

एजीआयचे सोळा रंग हे आयबीएमच्या जुन्या रंगीत पडद्यांचे ठरीव रंग आहेत : काळा, निळा, हिरवा, आकाशी, लाल, जांभळा, तपकिरी, फिकट राखाडी, आणि मग गडद राखाडीपासून पांढऱ्यापर्यंत त्यांच्या उजळ आवृत्त्या. त्यात केशरी नाही. लाल आणि पिवळा यांच्या मध्ये काही मिळते तर तो तपकिरी, ज्यात लाल १७०, हिरवा ८५ आणि निळा ० असे प्रमाण आहे. फाल्गुनात पाने झडून नुसत्या फुलांनी पेटलेला पळस या संचातून काढायचा म्हणजे उजळ लाल आणि पिवळे ठिपके आलटून पालटून द्यावे लागतात. ही युक्ती बारीक पिक्सेल असलेल्या पडद्यावर खपून जाते. एजीआयच्या चित्राची रुंदी मात्र १६० पिक्सेल आणि उंची १६८ ओळी एवढीच असते आणि पडद्यावर प्रत्येक पिक्सेल आडवा दुप्पट करून दाखवला जातो, त्यामुळे ठिपके ठिपकेच दिसतात. पाचवीतल्या एका मुलाने ते चित्र पाहून दिलेला अभिप्राय असा होता : “सर, हा पयस नाही जी, हा तं इटेचा ढीग होय.”

पळसाखेरीज आणखी दोन ठिकाणी अडत होते. काळ्या मातीला काळा आणि गडद राखाडी यांच्या मध्ये एकही छटा नव्हती, त्यामुळे पहिल्या पावसाने भिजलेले वावर आणि उन्हाळ्यात भेगाळलेले वावर यांत फरक दाखवता येईना. तिसरी अडचण कापसाची होती. तिचे मूळ छटांच्या कमतरतेत नव्हते, म्हणून ती पुढे सविस्तर मांडली आहे.

रंगाचा आकडा आणि त्याची कामे

सुरुवातीला सर्वांचा समज असा होता की पडद्याचा मोड बदलला की काम झाले. पडद्याच्या बाजूने पाहिले तर ते खरेही आहे. आयबीएमने १९८७ साली पीएस-२ यंत्रांबरोबर आणलेल्या व्हीजीएमध्ये ३२० गुणिले २०० पिक्सेलचा, एकाच वेळी २५६ रंग दाखवणारा मोड आहे आणि हे २५६ रंग २,६२,१४४ छटांतून निवडता येतात. वाचनालयातील प्रत्येक मॉनिटर हे करू शकत होता. परंतु एजीआयमध्ये रंगाचा आकडा म्हणजे नुसता रंग नाही. चार बिटांच्या, म्हणजे ० ते १५ एवढ्याच किमती घेणाऱ्या, त्या आकड्यावर इंजिनाने इतर अनेक कामे सोपवलेली आहेत, आणि रंग वाढवताना ती कामे एकेक करून त्याच्यापासून सोडवावी लागतात.

पहिले काम स्मृतीतील मांडणीचे. एजीआयमध्ये प्रत्येक चित्राला दोन थर असतात. एक दिसणारा, आणि दुसरा न दिसणारा ‘प्रायॉरिटी’ थर, ज्यावरून पात्र झाडाच्या पुढे आहे की मागे हे इंजिन ठरवते. या दुसऱ्या थरातील ० ते ३ हे आकडे अडथळा, सशर्त अडथळा, सूचनारेषा आणि पाणी यांसाठी राखीव असून ४ ते १५ हे खोली दाखवतात. वरच्या ४८ ओळींना ४ आणि त्याखाली दर १२ ओळींना एक आकडा वाढत १४ पर्यंत, अशी मूळ वाटणी आहे. १५ म्हणजे सर्वांच्या पुढे. हे दोन्ही थर एकाच बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांत, भरलेले असतात : खालच्या चार बिटांत रंग, वरच्या चार बिटांत प्रायॉरिटी. सातबाऱ्याच्या एकाच कागदावर नमुना सातचा मालक आणि नमुना बाराचे पीक नोंदलेले असावे, तशी ही सोय आहे, आणि ती १९८४ सालच्या स्मृतीच्या टंचाईत शहाणपणाचीच होती. आठ बिटांचा रंग मात्र त्या अर्ध्या बाइटमध्ये मावत नाही.

दुसरे काम भरण्याचे. एजीआयचे चित्र पिक्सेलांच्या रूपात साठवलेले नसते. रेषा ओढणे, जागा भरणे, ब्रश टेकवणे अशा आज्ञांची ती एक यादी असते. जागा भरणारी आज्ञा केवळ पांढऱ्या, म्हणजे १५ क्रमांकाच्या पिक्सेलांवरच पसरते आणि दुसरा कोणताही आकडा लागला की थांबते. म्हणजे १५ हा रंगही आहे आणि ‘अजून रिकामे’ अशी खूणही आहे.

तिसरे काम पात्रांच्या फाइलींतील. तेथे प्रत्येक बाइटच्या वरच्या अर्ध्यात रंग आणि खालच्या अर्ध्यात तो किती पिक्सेल पुढे चालू ठेवायचा ती लांबी असते. शून्य बाइट आला की ओळ संपली. शिवाय कोणता रंग पारदर्शक मानायचा हेही चार बिटांतच लिहिलेले असते.

चौथे काम संदेशांच्या चौकटीचे. ती पांढरी असते आणि तिची कड लाल असते, म्हणजे १५ आणि ४ हे आकडे इंजिन स्वतःही वापरते.

निवडीसाठी असलेले मार्ग

एजीआयवर काम करणाऱ्या हौशी प्रोग्रामरांनी या प्रश्नाला पूर्वीच दोन उत्तरे दिलेली आहेत आणि ती दोन्ही आधी तपासणे योग्य होते. एजीपॅल या सुधारणेत एका वेळी रंग सोळाच राहतात, पण ते सोळा कोणते हे प्रसंगानुसार बदलता येते. नवी आज्ञा न घालता तिच्या कर्त्यांनी पडदा हलवण्याच्या जुन्या आज्ञेचा उपयोग केला : तिला १०० ते १०९ यांतील आकडा दिला की पडदा न हलता पॅलेट, म्हणजे वापरातील रंगांचा संच, बदलते. इंजिनाच्या एकाही फाइलीचा साचा न बदलता एवढे साधणे ही चतुराई खरीच दाद देण्याजोगी आहे. दुसरी सुधारणा एजीआय२५६. तिच्यात आज्ञांची यादी बाजूला ठेवून पार्श्वभूमीचे चित्र सरळ २५६ रंगांच्या पिक्सेलांत दिले जाते. आजच्या स्कमव्हीएम या मुक्त प्रकल्पातील एजीआय इंजिनही या दोन्ही प्रकारचे खेळ ओळखते.

ऋतू बदलण्यासाठी एजीपॅलचा मार्ग उत्तम ठरला. वावराचे चित्र एकच. पेरणीला त्यातील जमीन ओलसर काळी, वेचणीला ती फिकी आणि पऱ्हाटीची पाने तांबूस, हे नुसत्या पॅलेटने साधले. परंतु एका दृश्यात वापरायला खरोखर किती रंग मोकळे उरतात याचा हिशेब केल्यावर त्याची मर्यादा दिसली. चौकट आणि तिच्यातील अक्षरे यांच्यासाठी ०, ४ आणि १५ यांना हात लावता येत नाही. मुलीची कातडी, परकर आणि पोलके यांना ६, १ आणि १४ लागतात आणि बैलाच्या अंगाला ७ व ८. हे सर्व दृश्यांत सारखेच दिसले पाहिजेत. उरतात आठ, आणि त्या आठांत आभाळ, झाडे, माती, घरे आणि पळस हे सर्व बसवायचे.

एजीआय२५६ च्या मार्गाने रंगांचा प्रश्न सुटतो, पण प्रत्येक दृश्याला १६० गुणिले १६८, म्हणजे २६,८८० बाइट लागतात. ३६० केबीच्या फ्लॉपीवर अशी फार तर तेरा चित्रे मावतील आणि तीही दुसरे काहीच न ठेवता. याहून महत्त्वाची हरकत शिक्षकांची होती. आज्ञांच्या यादीतून चित्र कसे उभे राहते हे मुले पडद्यावर पाहत होती, मधली एखादी रेषा बदलून पुन्हा रंग भरून पाहत होती, आणि तयार पिक्सेल दिले की ते सगळे थांबणार होते. माझ्या मते या प्रकरणात निर्णायक ठरली ती हीच हरकत; जागेचा मुद्दा तिच्यासमोर गौण होता, कारण पेन ड्राइव्हवर जागेची वानवा नव्हती.

म्हणून तिसरा मार्ग घेतला : आज्ञांची यादी तशीच ठेवायची, परंतु तिच्यातील रंगाचा आकडा मोठा करायचा, आणि ऋतूंसाठी पॅलेट बदलण्याची सोयही त्यावर कायम ठेवायची.

प्रत्यक्ष बदल

चित्राच्या फाइलीत अपेक्षेपेक्षा कमी काम निघाले. एजीआयच्या दुसऱ्या आवृत्तीत रंग ठरवण्याच्या आज्ञेनंतर रंगासाठी पूर्ण एक बाइट दिलेला असतो, जरी त्यातील १५ पर्यंतचेच आकडे वापरले जात. म्हणजे साचा न बदलता मोठा आकडा लिहिता येतो. तिसऱ्या आवृत्तीत ही चैन नाही, कारण तेथे जागा वाचवण्यासाठी रंगाला अर्धाच बाइट ठेवला आहे. त्यामुळे खेळ दुसऱ्या आवृत्तीच्या साच्यातच ठेवण्याचे ठरले. एक पथ्य मात्र पाळावे लागले. चित्रातील आज्ञांचे आकडे २४० पासून सुरू होतात, आणि चित्र संपादित करणारी साधने २४० किंवा त्याहून मोठा बाइट दिसला की नवी आज्ञा आली असे समजतात. म्हणून २५६ ऐवजी ० ते २३९ एवढेच रंग वापरायचे ठरले. सोळा छटांचा हा त्याग कोणालाही जाणवला नाही.

स्मृतीतील दोन थर वेगळे करणे हे सर्वांत मोठे काम होते. आता २६,८८० बाइटांचे दोन बफर, म्हणजे स्मृतीतील राखीव जागा, लागतात. त्यांची बेरीज ५३,७६० होते आणि डॉसच्या ६४ केबीच्या एका खंडात ती सहज मावते. पण जुन्या कोडमध्ये ‘एक बाइट म्हणजे दोन्ही गोष्टी’ हे गृहीतक ठिकठिकाणी मुरलेले होते. उदाहरणार्थ, नवे चित्र काढण्यापूर्वी इंजिन संपूर्ण बफरमध्ये ७९ हा आकडा भरते. प्रथमदर्शनी अनाकलनीय वाटणारा हा आकडा म्हणजे वरच्या अर्ध्यात ४ आणि खालच्या अर्ध्यात १५ : रिकामा पांढरा रंग आणि सर्वांत मागची खोली. वेगळे केल्यावर एका बफरमध्ये १५ आणि दुसऱ्यात ४ भरावा लागतो. पहिल्या चाचणीत दुसरा बफर शून्याने भरला गेला होता. शून्य म्हणजे अडथळा, त्यामुळे चित्र पूर्णपणे व्यवस्थित दिसत असूनही मुलगी जागची हलेना.

पात्रे हलवण्याच्या भागातील दोष याहून फसवा होता. एजीआय पात्र काढण्यापूर्वी त्याच्या खालची जागा जपून ठेवते आणि पात्र हलले की ती परत ठेवते. पात्र काढताना त्याची प्रायॉरिटीही त्या थरात लिहिली जाते, म्हणजे जपणे आणि परत ठेवणे दोन्ही थरांचे व्हायला हवे. जुन्या कोडला एकच बाइट जपला की दोन्ही जपल्यासारखे होत असे. नव्या मांडणीत सुरुवातीला केवळ रंगच जपला जात होता. परिणाम असा झाला की मुलगी पळसाच्या पुढून गेली की पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नसे, पण तिच्या मागून येणारा बैल तेथे पोहोचला की त्याच्या अंगाचा, मुलीच्या आकाराएवढा भाग गायब होई. न दिसणारा थर पडद्यावर रंगांत दाखवणारी एक कळ संगणकावर ठेवल्यानंतरच हे लक्षात आले. असे बदल करणाऱ्या कोणीही ही कळ सर्वांत आधी बसवावी. तिच्याविना घालवलेला वेळ वायाच जातो.

भरण्याच्या नियमाला मात्र हात लावला नाही. ‘१५ म्हणजे रिकामे’ ही अट जशीच्या तशी ठेवली, आणि येथेच कापसाची अडचण अनपेक्षितपणे सुटली. जुन्या इंजिनात पांढऱ्या रंगाने जागा भरताच येत नाही, कारण पांढरी जागा म्हणजे भरायची राहिलेली जागा. अंगणात लावलेला कापसाचा ढीग काढायचा तर त्याच्या चहूबाजूंनी राखाडी रेषेची बंद कड हवी, नाहीतर शेजारच्या भिंतीचा रंग ढिगात शिरतो. आणि १६० पिक्सेलांच्या रुंदीत अशी कड इतकी जाड दिसते की ढीग कापसाचा न वाटता दगडाचा वाटतो. नव्या पॅलेटमध्ये ३१ व्या क्रमांकाला १५ सारखाच शुभ्र पांढरा दिला. डोळ्याला दोन्ही एकच, पण इंजिनाच्या दृष्टीने ३१ म्हणजे भरलेली जागा. त्यामुळे ढीग कडेविना काढता येऊ लागला, आणि हिरव्या पऱ्हाटीवर ब्रशच्या विखुरलेल्या ठिपक्यांनी काढलेली बोंडेही नंतरच्या भरण्यातून वाचू लागली. रंग वाढवण्याचा सर्वांत मोठा लाभ या खेळाला मिळाला तो, माझ्या दृष्टीने, एकही नवी छटा न देणाऱ्या या क्रमांकातून.

पात्रांच्या फाइलींबाबत हात आखडता घेतला. त्यांच्या प्रत्येक चित्राच्या माहितीत तीन बाइट असतात : रुंदी, उंची, आणि तिसऱ्यात पारदर्शक रंगाबरोबर आरशातील प्रतिमेची माहिती. तिसऱ्या बाइटचा एकही बिट रिकामा नाही, त्यामुळे ‘हे चित्र मोठ्या पॅलेटचे आहे’ अशी खूण तेथे करता येत नाही. एजीआय२५६ च्या पुढच्या आवृत्तीने ही खूण फाइलीच्या अगदी सुरुवातीच्या दोन बाइटांत ठेवली आहे आणि येथेही तेच अनुसरले. खूण असलेल्या फाइलीत प्रत्येक पिक्सेलाला पूर्ण बाइट आणि पारदर्शक रंगालाही पूर्ण बाइट मिळतो, पण त्या बदल्यात आरशातील प्रतिमेची सोय जाते, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे तोंड असलेली चित्रे वेगवेगळी साठवावी लागतात. मुलगी आणि बैल म्हणूनच सोळा रंगांतच ठेवले. होळीचा जाळ आणि पळसाची हलणारी फांदी एवढ्यांनाच मोठी पॅलेट दिली.

पॅलेट यंत्राला देताना व्हीजीएची एक जुनी खोड आडवी आली. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण ० ते ६३ या मापात द्यावे लागते, तर चित्रे काढण्याची आजची साधने ० ते २५५ देतात. पळसासाठी शिक्षकांनी निवडलेली छटा २३२, ९३, २८ अशी होती. ती चाराने भागली की ५८, २३, ७ होते आणि केशरी दिसते. न भागता दिली तर यंत्र खालचे सहाच बिट घेते, आकडे ४०, २९, २८ असे होतात, आणि फुले मळकट विटकरी दिसतात, म्हणजे फिरून पुन्हा तो विटांचा ढीग.

खेळ जपून ठेवणे आणि पुन्हा उघडणे यात उरलेली चूक निघाली. एजीआय जपलेला खेळ उघडताना कोणती चित्रे आणि पात्रे आणली गेली त्याची नोंद पुन्हा क्रमाने चालवते, परंतु पडदा हलवण्याची आज्ञा त्या नोंदीत नसते. त्यामुळे शिमग्यात जपलेला खेळ उघडला की गाव मूळ पॅलेटमध्ये दिसे. नोंदीचा साचा बदलण्याऐवजी चालू पॅलेटचा क्रमांक इंजिनाच्या २५६ चलांपैकी (आकडे साठवणाऱ्या कप्प्यांपैकी) एकात ठेवला, कारण चले आपोआप जपली जातात, आणि जपलेला खेळ उघडल्यावर इंजिन जो १२ क्रमांकाचा फ्लॅग (होय-नाही अशी खूण) लावते तो दिसताच शून्य क्रमांकाच्या लॉजिकने, म्हणजे खेळाच्या मुख्य आज्ञासंचाने, पॅलेट पुन्हा द्यावी, अशी व्यवस्था केली. इंटरप्रिटरला न शिवता हे खेळाच्या बाजूनेच सुटले.

पडताळणी आणि राहिलेले काम

बदलांनी जुने काही मोडले नाही याची खात्री करण्यासाठी सोळा रंगांत आधी काढलेली सर्व चित्रे जुन्या आणि नव्या इंटरप्रिटरमध्ये काढून, नव्याचे दोन बफर पुन्हा एका बाइटमध्ये जुळवून, बाइटागणिक तुलना करण्यात आली. तुलना पूर्ण जुळली. डोळ्यांनी पाहून हे काम भागले नसते, कारण प्रायॉरिटी थरातील फरक डोळ्यांना दिसतच नाही.

पळसबनाचे दृश्य आता तीन केशरी छटा, एक तांबडी आणि देठांची काळपट मखमली छटा यांत आहे आणि त्याची फाइल पिक्सेलांच्या चित्राच्या तुलनेत पुष्कळच लहान आहे. मुले त्यातील रेषा अजूनही बदलू शकतात. मात्र छटा वाढल्या तसे काढण्याचे श्रमही वाढले : सायंकाळच्या आभाळात प्रत्येक छटेसाठी वेगळी हद्द आखून ती वेगळी भरावी लागते आणि एखादी हद्द एका पिक्सेलाने उघडी राहिली तर रंग खालच्या पट्ट्यात उतरतो. संपादकात ‘या पट्ट्यात इतक्या छटा भर’ अशी सोय करणे हे पुढचे काम ठरले आहे. ऋतू बदलताना पॅलेट एका क्षणात बदलते, ती हळूहळू बदलावी अशी शिक्षकांची मागणी आहे. इंजिनाच्या घड्याळाच्या प्रत्येक फेरीला थोडा थोडा फरक देऊन ते करता येईल. तोपर्यंत आभाळाच्या छटा मोजक्या ठेवाव्यात आणि ऋतू बदलताना मध्ये एक काळा पडदा घ्यावा, असे ठरले आहे.